आदी आवाज, मग हादरा: मोरणा खोऱ्यातल्या जिओफोनच्या नोंदी

२४ मे २०२५, शनिवार

आजपासून लिहायला घेतेय, नाहीतर काय कधी केलं ते नंतर आठवत नाही.

आमचं मूळ घर पाटण तालुक्यात, मोरणा खोऱ्यात. आता तिथे आत्ती आणि दादा राहतात. कोयनेचं धरण डोंगरापलीकडे. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत इथे आलो की एखादा तरी धक्का बसायचाच, आणि दर वेळी आत्ती एकच वाक्य बोलायची, "आदी आवाज येतोय, मग हालतंय." आवाज आला की ती हातातलं काम टाकून दाराकडे वळायची आणि ती वळेपर्यंत भांडी खणखणायला लागायची. मला तेव्हा वाटायचं हिला कसं कळतं. पुण्यात कुणाला सांगितलं तर म्हणतात पत्रा वाजला असेल, मनाचे खेळ असतात. आत्ती तर साठ वर्षं हेच सांगतेय, आणि एकटी तीच नाही, खोऱ्यातलं कुठलंही म्हातारं माणूस हेच सांगतं.

तर मला हे मोजायचंय. आवाज खरंच आधी येतो का, किती आधी येतो, आणि येतो कुठून. नोकरी इन्स्ट्रुमेंटेशनमधली आहे त्यामुळे सर्किट वगैरे जमतं, भूकंपाचं शास्त्र मात्र शिकत शिकत करणार.

सामान: साडेचार हर्ट्झचा (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हेलकावे) एक जिओफोन, २४ बिटचा एडीसी बोर्ड (विजेच्या दाबाचे आकडे करणारा), रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर, छोटा यूपीएस, पीव्हीसी पाइपचा तुकडा, एम-सील, पांढरं सिमेंट. जिओफोन म्हणजे मुठीत मावेल असा डबा. आत चुंबक आणि त्याच्याभोवती बारीक स्प्रिंगवर टांगलेली तारेची कॉइल. जमीन हलली की डबा आणि चुंबक जमिनीसोबत जातात, कॉइल मात्र आहे तिथेच राहू बघते, आणि या ओढाताणीत तारेत विजेचा दाब तयार होतो. हातात धरून कानाशी नेला आणि हलकी टिचकी मारली तर आत काहीतरी थरथरल्यासारखं बोटांना कळतं. बॅटरी नको काही नको. मला हे यंत्र फार आवडतं.

२५ मे, रविवार

जागा ठरवायलाच सकाळ गेली. घरात फरशीवर ठेवला तर फ्रीज, पंखा, माणसांची पावलं, सगळंच येणार. मागे परसात गोठ्याच्या पलीकडे जमिनीतून काळा कातळ वर आलाय, आम्ही लहानपणी त्याच्यावर कैऱ्या फोडायचो. दादाने पहारीने बाजूची माती काढली तर खाली सलग पाषाण निघाला, कुठे भेग नाही. हा दख्खनचा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा वाहत आला आणि थरावर थर बसत गेले त्यातलाच एक थर. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात ते हेच थर. कोयना भागात या बेसॉल्टची जाडी सुमारे एक किलोमीटर, त्याच्या खाली ग्रॅनाइट-नाइस. गोठणे गावाजवळ २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं तेव्हा १२४७ मीटरवर बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट लागला. भूकंप होतात ते त्या खालच्या जुन्या दगडात. म्हणजे माझा जिओफोन एका थंड झालेल्या लाव्हाच्या पाठीवर बसून त्याच्या खालच्या दगडाची हालचाल ऐकणार.

कातळ घासून सपाट केला, पाण्याच्या लेव्हलने बघितला, सिमेंटवर जिओफोन बसवला, वरून पाइप आणि झाकण. वायर जमिनीतून घरात आणली. मे महिना असून पाऊस कोसळतोय, या वर्षी सगळंच लवकर आलंय, त्यामुळे एम-सील वाळेना. शेवटी आत्तीने चुलीतली निखाऱ्याची पाटी शेजारी ठेवायला दिली आणि तासाभरात काम झालं.

संध्याकाळी स्क्रीनवर पहिली रेघ आली. आत्ती बघायला आली, म्हणाली, "ही हालतीया का सारखी?" म्हटलं हो, जमीन कधीच गप्प नसते. ती म्हणाली, "ते ठाव हाय."

८ जून, रविवार

दोन आठवड्यांचा डेटा घेऊन बसले. शंभर सॅम्पल, म्हणजे मोजमापं, दर सेकंदाला. ऑब्सपाय नावाची पायथनची लायब्ररी आहे, जगभरचे भूकंपवाले वापरतात आणि फुकट आहे, तिच्यात सगळं उघडलं.

आधी गोंगाट ओळखायला शिकावं लागतंय. सकाळी सहाला मुक्कामाची एसटी निघते ती एकदम ठळक, फुगत येते आणि तशीच ओसरत जाते, तिला ठाम सुरुवात नसते. पिठाची गिरणी चालू असली की एकाच फ्रिक्वेन्सीवर सरळ पट्टा. म्हैस खुंट्याला अंग घासते तेव्हा बारीक बारीक काटे येतात, दादाला विचारून वेळ जुळवली. जोराचा पाऊस म्हणजे सगळ्या रेघेवर केस उगवल्यासारखं दिसतं.

ट्रिगरसाठी नेहमीची पद्धत लावलीये: गेल्या अर्ध्या सेकंदाची सरासरी भागिले गेल्या दहा सेकंदांची सरासरी, आणि हे गुणोत्तर चारच्या वर गेलं की नोंद करायची. साधी कल्पना आहे पण नीट काम करते कारण भूकंप एकदम येतो, एसटीसारखा लांबून फुगत नाही.

२२ जून, रविवार

मोठी चूक सापडली. १७ तारखेच्या रात्रीचा एक छान स्थानिक धक्का दिसत होता, आधी पोचणारी पी लहर आणि मागून येणारी एस लहर, दोन्ही स्वच्छ, म्हणून खुशीत दादाला फोन करून विचारलं कितीला जाणवला, त्याने मोबाइलवर बघितलेली वेळ सांगितली, आणि माझ्या नोंदीत वेळ चक्क सव्वासात मिनिटं मागे. रास्पबेरी पायच्या बोर्डवर स्वतःचं घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते, लाइट गेली, यूपीएसही संपला, नंतर तो जागा झाला तेव्हा शेवटची साठवलेली वेळ धरून पुढे चालू लागला, आणि इंटरनेट नव्हतं म्हणून वेळ दुरुस्तच झाली नाही. पावसाळ्यात इथे लाइट कधीही जाते हे मला माहीत असायला हवं होतं.

भूकंपाच्या कामात वेळ म्हणजेच सगळं. पी लहरी इथल्या दगडातून सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास धावतात, म्हणजे घड्याळ एक सेकंद चुकलं की भूकंप सहा किलोमीटरने सरकला. एका ठिकाणच्या पी आणि एसमधलं अंतर घड्याळ चुकलं तरी बरोबरच राहतं, तेवढं वाचलं, पण दुसऱ्या कुठल्याही नोंदीशी जुळवायचं तर हे चालणार नाही. जीपीएस मॉड्यूल मागवलं. त्याच्यातून दर सेकंदाला एक पल्स येतो आणि तो घड्याळाला धरून ठेवतो. अँटेना कौलांवर बसवायची.

३० जुलै, बुधवार

ही नोंद ऑफिसमधून आल्या आल्या लिहितेय, जेवायच्या आधी.

पहाटे भारतीय वेळेप्रमाणे चार वाजून पंचावन्नला कामचटकाच्या किनाऱ्याजवळ ८.८ चा भूकंप झाला. २०११ च्या जपाननंतरचा जगातला सगळ्यात मोठा. सकाळी बातमी बघितली तेव्हा आकडा ८.० होता, मग ८.७ आणि मग ८.८. लोक विचारत होते की आकडा का बदलतात, लपवतात का. लपवत नाहीत. एवढा मोठा भूकंप एका बिंदूवर होत नाही, शेकडो किलोमीटरची चीर उलगडायलाच काही मिनिटं लागतात, आणि पहिल्या काही मिनिटांच्या लहरींवरून काढलेला आकडा कमीच येतो. लांब पल्ल्याच्या संथ लहरी हाती आल्या की खरी मोजणी होते.

मी लॅपटॉप उघडून गावातल्या रास्पबेरी पायला जोडलं आणि पहाटेचा डेटा ओढला. कच्च्या रेघेत काहीच दिसेना, नुसता पाऊस. साडेचार हर्ट्झच्या खाली माझा जिओफोन बहिरा होत जातो आणि आठ हजार किलोमीटरवरून येणाऱ्या लहरींचे हेलकावे संथ असतात, सेकंदाला एखादा. म्हणून अर्धा ते दोन हर्ट्झचा फिल्टर लावला.

आणि ती आली. पाच वाजून सहा मिनिटांच्या पुढे, शांत रेघेतून एकदम उठलेली पी. भूकंप झाल्यापासून साधारण साडेअकरा मिनिटं. तेवढ्यात ती लहर कामचटकाच्या खालून पृथ्वीच्या कवचाखालच्या मँटल नावाच्या थरात खोल शिरली, वळली, आणि वर येऊन आमच्या परसातल्या कातळाला लागली. जवळजवळ साडेनऊ मिनिटांनी एस, ती माझ्या यंत्रावर जेमतेम ओळखू येते. लहरींच्या प्रवासवेळेच्या तक्त्यात ७४ अंश अंतरासाठी (लांबचं अंतर पृथ्वीच्या गोलावर अंशांत मोजतात) पी आणि एसमधला वेळ बघितला तर जुळतोय. मी तो तक्ता आधी वाचला होता, पाठ होता म्हटलं तरी चालेल, पण आपल्या गोठ्यामागच्या दगडावर तो खरा होताना बघणं वेगळंच असतं. हात थरथरत होते.

आत्तीला फोन केला. सांगितलं की रशियातला भूकंप आपल्या परसात नोंदला गेलाय. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तितली मानसं बरी हायती न्हवं?" म्हटलं हो, इतका मोठा असूनही तिथली माणसं फार वाचली, तिकडे वस्ती विरळ आहे आणि घरंही भूकंप धरून बांधलेली असतात. १९५२ मध्येही त्याच पट्ट्यात नऊचा झाला होता. तेव्हा त्सुनामीने मोठी हानी केली होती.

तिने आधी माणसांचं विचारलं. मी दिवसभर लहरींतच होते. हे लिहून ठेवतेय.

२० ऑगस्ट, बुधवार

चार दिवस धो धो पाऊस, धरणातून विसर्ग चालू आहे, नदीकाठच्या गावांना इशारा दिलाय. जिओफोनवर नुसता गोंगाट म्हणून वाचत बसलेय.

कोयनेचं थोडक्यात लिहून ठेवते कारण ऑफिसमध्ये परवा पुन्हा तोच वाद झाला, की धरणामुळे भूकंप होतात म्हणजे धरण भूकंप तयार करतं का. नाही. दगडातला ताण आधीपासूनचा, लाखो वर्षं साठत आलेला. जुन्या भेगा असतात, त्यांच्या दोन बाजू एकमेकींवर दाबून धरलेल्या असतात म्हणून त्या सरकत नाहीत. १९६२ च्या सुमारास शिवाजीसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरायला लागला. १०५ टीएमसी पाणी. त्या पाण्याचा भार पडतो हे एक, पण महत्त्वाचं दुसरंच, पाणी हळूहळू भेगांमधून खाली झिरपत जातं आणि आतल्या पाण्याचा दाब वाढतो. तो दाब भेगेच्या दोन बाजूंना एकमेकींपासून जरासा ढकलतो, घर्षण कमी होतं, आणि जी भेग आधीच सरकायच्या बेतात होती ती सरकते. दार आधीच ताणून धरलंय आणि कुणीतरी कडीला तेल घातलं, असं मी दादाला सांगितलं. त्याला पटलं.

धरण भरायला लागल्यावर लगेच छोटे धक्के सुरू झाले. १३ सप्टेंबर १९६७ ला पाचच्या वरचा झाला, आणि ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ चा. धरणामुळे उद्दीपित झालेल्या भूकंपांमध्ये आजही जगात तो सगळ्यात मोठा मानतात. १९८५ पासून चांदोलीला वारणेचं धरण भरायला लागलं, आणि ९३ च्या सुमारास धक्क्यांचा जोर दक्षिणेकडे सरकला. साठेक वर्षं झाली, थांबलेलं नाही, आणि हे सगळं साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यात, बहुतेक दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर. म्हणून तर कराडला भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा झाली आणि हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने दीड-दीड किलोमीटर खोल बोअरमध्ये सिस्मोमीटर सोडले. जगात असं ठिकाण क्वचितच सापडेल, भूकंप कुठे होणार हे जवळजवळ माहीत असलेलं.

पावसाळ्यात पातळी झपाट्याने वाढते आणि सप्टेंबरच्या आसपास धक्के वाढतात, मग पुन्हा हिवाळ्यात. म्हणजे माझा खरा मोसम आता येतोय. आवाज टिपायला माइक बसवायला हवा, लवकर.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपती. आरतीच्या वेळचे ढोल जिओफोनवर इतके स्पष्ट की ठेका मोजता येतो. माइक बसवला, माजघरात फरशीपासून हातभर उंचीवर, त्याच एडीसीच्या दुसऱ्या चॅनेलवर. मुद्दाम त्याच बोर्डवर, म्हणजे दोघांचं घड्याळ एकच आणि कुठलाही वाद नको.

१४ सप्टेंबर, रविवार

दोन गोष्टी.

एक: माझी सेटिंग चुकीची होती. गेल्या आठवड्यात तीन छोटे स्थानिक धक्के जिओफोनवर आले आणि माइकवर काहीच नाही. मी निराश झाले, वाटलं आत्तीचं म्हणणं पडलं. मग लक्षात आलं की शंभर सॅम्पलवर पन्नास हर्ट्झच्या वरचं काही दिसूच शकत नाही, आणि माणसाचा कान वीस हर्ट्झपासून पुढे ऐकतो, म्हणजे मी त्या आवाजाचा बहुतेक भाग कापूनच टाकत होते. आता दोन्ही चॅनेल पाचशे सॅम्पलवर.

दोन: शुक्रवारी दुपारी पावणेदोनला ट्रिगर झाला, पी ठसठशीत, एस जवळजवळ नाहीच, आणि माइकवर जमिनीच्या हादऱ्यानंतर ५.४ सेकंदांनी एक मोठा धप्प. दादाने सांगितलं खडीच्या खाणीत सुरुंग उडवतात, इथून दोनेक किलोमीटर. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, दोन किलोमीटरला ५.८ सेकंद, त्यातून जमिनीतल्या लहरीला लागलेला ०.४ सेकंद वजा करा, आले ५.४. बरोबर बसलं!

हा सुरुंग फुकटात मिळालेला प्रयोग झाला. आता मला कळलं की आवाज हवेतून आला तर तो रेघेवर कसा दिसतो: हादरा आधी, आवाज बराच नंतर. आत्ती तर उलटं सांगते.

२८ सप्टेंबर, रविवार

मिळाला.

रात्री दोनच्या पुढे. मी पुण्यातच होते, सकाळी उठून बघितलं. आत्तीने आधीच दादाच्या मोबाइलवरून मेसेज टाकायला लावला होता, "रात्री आवाज झाला बारका."

जिओफोनची रेघ वर, माइकची खाली, एकाच वेळेच्या पट्टीवर. मी अर्ध्या सेकंदाचा तुकडा पूर्ण स्क्रीनभर मोठा करून बघितला. वरच्या रेघेत पी उठते, पहिला हेलकावा खाली. खालच्या रेघेत माइक त्याच जागी उठतो. एका सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागाइतकाही फरक नाही. आवाज कसला, तर तीस ते साठ हर्ट्झच्या मधला, जाड, घुमणारा. आणि मग १.४६ सेकंदांनी एस येते, वरची रेघ तिप्पट-चौपट फुगते, आणि त्यानंतरच खालच्या रेघेत उंच फ्रिक्वेन्सीचा खडखडाट, तो पत्र्याचा आणि मांडणीवरच्या ताटांचा.

म्हणजे आवाज दोन आहेत. आधी घुमणारा, पीसोबत. मग भांड्यांचा, एससोबत. पुण्यातले लोक मला दुसऱ्याबद्दल सांगत होते, आत्ती पहिल्याबद्दल.

अंतराचं गणित: पी सहा किलोमीटरने आणि एस साडेतीनच्या थोड्या कमीने धावते असं धरलं तर दोघींमधल्या सेकंदांना आठने गुणायचं. १.४६ गुणिले आठ, साधारण पावणेबारा किलोमीटर. खोली पाच-सहा धरली तर जमिनीवरून दहा. कोयनेचा तो पट्टा इथून तेवढाच.

आता बघा, तो आवाज भूकंपाच्या ठिकाणाहून हवेतून आला असता तर पावणेबारा किलोमीटरला ३४ सेकंद लागले असते. तो दोन सेकंदांत आला. दगडातून आला. पी लहर खालून आमच्या कातळाला येऊन भिडते, कातळ आणि घराची जमीन नगाऱ्याच्या कातड्यासारखी वरखाली होते, आणि तीच हवेला ढकलते. आवाज लांबून आलेला नसतोच, तो पायाखाली, त्याच जागी तयार होतो. पी लहरी दाबून-सैल करत जातात, हवेतल्या आवाजासारख्याच, म्हणून हवेत उतरायला त्यांना सोपं. एस आडवी हलवते, तिचा जोर जास्त, घरं ती पाडते, पण ती मागून येते.

आदी आवाज येतोय, मग हालतंय. दीड सेकंदाने.

मी तासभर नुसती बसून होते. या बाईला लोकांनी साठ वर्षं मनाचे खेळ म्हणून सांगितलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

दिवाळीला गावी. आत्तीला तो आवाज ऐकवायचा ठरवला. आधी विचारलं, ऐकशील का, भीती तर वाटणार नाही. म्हणाली लाव.

मोबाइलवर लावला. तिने कान जवळ आणला, दोनदा ऐकला, मग मान हलवली. "न्हाय पोरी. ह्यो न्हाय. त्यो कानानं येत न्हाय, पायातनं येतोय."

मी आधी खट्टू झाले. मग विचार केला तर बरोबर आहे, मोबाइलचा स्पीकर चाळीस हर्ट्झ वाजवूच शकत नाही, तिला जे ऐकू आलं ते वरवरचं टरफल होतं. पण तिचं "पायातनं" हे फक्त स्पीकरबद्दल नव्हतं. धक्का बसायच्या आधीची ती घूं ही निम्मी ऐकू येते आणि निम्मी तळव्यांना कळते, आणि माझ्याकडे ते दोन वेगळ्या रेघांत पडलंय, एक जिओफोन एक माइक. तिच्याकडे ती एकच गोष्ट आहे.

सप्टेंबरपासून जे स्थानिक धक्के मिळाले त्यातल्या अगदी बारक्यांचा आवाज माइकवर येत नाही. बाकीच्यांचा, पाऊस नसला आणि मध्यरात्र असली तर येतो. सात धक्क्यांचा आला. सातही वेळा पीसोबत. एकदाही आधी नाही, एकदाही नंतर नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

एका यंत्राने फक्त अंतर कळतं, दिशा नाही. म्हणजे नकाशावर कंपासने वर्तुळ काढायचं आणि भूकंप त्याच्यावर कुठेतरी. दोन यंत्रं असली तर दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात. तिसरं हवंच. ढेबेवाडीकडे ओळखीच्या एका शिक्षकांनी शाळेमागच्या खडकावर दुसरा जिओफोन बसवायला जागा दिली, मुलांनीच खड्डा खणला आणि मुलांनीच सिमेंट कालवलं. एकीने विचारलं, "ताई, आम्ही उडी मारली तर दिसेल का?" सगळ्यांनी एकदम मारली. दिसली. पी-एस वेगळ्या नाहीत कारण अंतर चार मीटर, हेही त्यांनीच सांगितलं.

११ डिसेंबर, गुरुवार

रजा टाकून कालच आले. आत्ती या तारखेला पहाटे उठून बसते, दर वर्षी, हे मला दादाने या वर्षीच सांगितलं.

चारला उठलो. थंडी. चहा केला. माझ्या स्क्रीनवर रेघ एकदम शांत. ४ वाजून २१ मिनिटं झाली तरी आम्ही तिघं काही बोललो नाही.

मग ती आपणहून बोलायला लागली. ती तेव्हा नऊ वर्षांची, सोमवार होता. मी आजवर हे पूर्ण कधी ऐकलं नव्हतं. मला कागदावरचं माहीत होतं, की कोयनानगर जवळजवळ सगळं पडलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, धरणाच्या भिंतीला आडव्या भेगा पडल्या आणि नंतर मागून आधार देऊन ती जाड केली, धरणाच्या गॅलरीतल्या यंत्राने ०.६३ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट, धक्का नोंदवला आणि ती नोंद आजही जगभर धरणांचं गणित शिकवताना वापरतात.

आत्ती म्हणाली, "आई दळत हुती."

आजी पहाटे जात्यावर बसली होती. पोरं शेजारीच झोपलेली. घूं आवाज सुरू झाला आणि आजीला वाटलं जात्याचाच आहे, जात्याचा आवाजही तसाच असतो, खोल, फरशीतून येणारा. तिने खुंटा सोडला. जातं थांबलं. आवाज थांबला नाही.

"तवा तिनं आमास्नी वडलं," आत्ती म्हणाली. दोघी बहिणींना हाताला धरून उंबऱ्यापर्यंत. तिथवर पोचल्या आणि मागची भिंत आत आली, जिथे त्या झोपल्या होत्या तिथे.

मी गणित केलं नाही त्या वेळी. नंतर केलं. तो केंद्रबिंदू डोणीचावाड्याच्या बाजूला, इथून अंतर साधारण माझ्या सप्टेंबरच्या धक्क्याइतकंच. दीड सेकंद, फार तर दोन, मग एस. आणि भिंत पडायला त्यापुढे काही सेकंद. एवढ्यात एका बाईने दोन आवाजांतला फरक ओळखला.

१३ डिसेंबर, शनिवार

आजीचं जातं अजून आहे, माडीखाली, पोत्यांमागे. दादा आणि मी ते बाहेर काढलं, धुतलं, माजघरात जुन्या जागी मांडलं. आत्तीने नवा खुंटा ठोकून दिला. माइक होता तिथेच, शिवाय एक सुटा जिओफोन फरशीवर, जात्यापासून दीड हातावर.

नाचणी घेतली. आत्ती बसली, मी रेकॉर्डिंग चालू केलं आणि स्क्रीनकडे बघत उभी राहिले. जात्याचा पट्टा पंचवीस-तीस हर्ट्झपासून वर पन्नासच्या पुढेपर्यंत, फेऱ्यागणिक फुगणारा आणि ओसरणारा. सप्टेंबरच्या पीचा तुकडा शेजारी लावला. रुंदी सारखीच, घूं सारखाच, फरक एवढाच की जातं श्वास घेतल्यासारखं चढउतार करतं आणि पी एका दमात येते.

मी हे तिला दाखवायला लॅपटॉप वळवत होते तर ती म्हणाली, "उबी ऱ्हाऊन काय कळणार. बस हितं. चप्पल काढ. मांडी न्हाय, पाय टेक फरशीला."

बसले. तिने खुंटा फिरवला. पहिल्यांदा नुसतं दगडावर दगड घासल्यासारखं. चौथ्या-पाचव्या फेऱ्याला नाचणी नीट पसरली आणि मग तळव्यांतून वर पोटऱ्यांपर्यंत ती घूं चढली, कानाला कमी, हाडांना जास्त.

"हां," आत्ती म्हणाली. "असा येतोय."

आणि तिने हात सोडला, मला थांबल्यावर कसं वाटतं ते कळावं म्हणून.